पाखरांच्या महालातला चाखणारा

सकाळी बरोबर सव्वासात वाजता हे सगळं सुरू झालं. जुन्या काळी इस्तंबूलला सुलतानाचं राज्य होतं, तेव्हा तिथले गवंडी मशिदीच्या भिंतीवर पाखरांसाठी छोटे दगडी महाल बांधत, अगदी सज्जा-घुमटासकट. अशाच एका महालात नाझली चिमणी पिल्लाला घेऊन राहत होती. त्या सकाळी बाकीच्या चिमण्यांच्या डोक्यात आलं, महाल आहे तर रीतही सुलतानाचीच हवी! म्हणून त्यांनी हुस्रेव आगा नावाच्या जाड्या पारव्याला चाखणारा म्हणून नेमलं. मशिदीचा रखवालदार सज्जात दाणे टाकी, त्यात विष नाही ना, हे आधी आगांनी बघायचं.

आगा बघता बघता सगळे दाणे संपवत. दोन दिवसांत नाझलीचं पिल्लू भुकेनं मलूल झालं.

"आगा, विष होतं का हो?" तिनं विचारलं.

"छे गं बाई, एकदम चांगले होते."

"मग माझ्या लेकराला?"

"शेवटच्याच दाण्यात विष असतं तर? तुमच्यासाठी जिवावर उदार झालोय मी!"

चिमण्यांनी माना डोलावल्या. "आगा आहेत म्हणून आपण आहोत गं."

 दुसऱ्या दिवशी दाणे पडताच नाझली ओरडली, "आगा, लवकर या! आज खरंच विषाचा वास येतोय, चाखून सांगा!"

आगा जे उडाले, ते घुमटापलीकडे दिसेनासे झाले. नाझली शांतपणे पिल्लाला भरवू लागली.

"अगं, विष होतं ना?" चिमण्या किंचाळल्या.

"होतं ना. आत्ताच उडून गेलं."

पलीकडच्या मशिदीवरही असाच एक आगा नेमलाय म्हणतात. तिकडे कुणी जाणार असाल, तर तिथल्या आयांच्या कानावर एवढं घालाच.