डोंगराईच्या हुंकाराची कहाणी

ऐक डोंगराई, तुझी कहाणी. बायांनो, तुम्हीही ऐका. हातात अक्षता धरा, आणि मी थांबेन तिथं हूं म्हणा. हुंकारावाचून ही कहाणी पुढं सरकत नाही. का सरकत नाही, ते ऐकाल तेव्हा कळेल.

आटपाट नगर होतं. नगराला राजा होता, राणी होती, पण त्यांचं आज आपल्याला काही काम नाही. नगराच्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी एक घर होतं. त्या घरात भिवरा नावाची बाई राहत होती. एके काळी तिथं दहा पानांची पंगत उठे. सासू होती, सासरा होता, दीर होते, नणंदा होत्या, तिचा मुलगा होता, मैना नावाची लेक होती. मग काय झालं? सासूसासरे देवाघरी गेले. दीर वेगळे झाले, नणंदा उजवल्या. मुलगा दूर देशी चाकरीला गेला. मैना लग्न होऊन तीन गावं पलीकडं गेली. नवरा उदमी, बैलांच्या पाठीवर माल घालून निघाला की सणालाच परतायचा. घरात भिवरा एकटी राहिली.

माणसं गेली, पण हाताचं माप गेलं नाही. तांदळात हात घातला की दहा जणांचे तांदूळ यायचे. भाकरी थापायला बसली की चळत लागायची. भात उरे, आमटी उरे, भाकऱ्या उरत. अन्न टाकावं कसं? अन्नपूर्णा रागावेल. मग भिवरा काय करी? चुलीपाशी उभ्यानं खाई. मुलाच्या वाटचं खाई, लेकीच्या वाटचं खाई, गेलेल्या सासूच्या वाटचंसुद्धा खाई. ताट वाढून घेत नसे. एकटीसाठी ताट काय वाढायचं, म्हणे. खात असे तोवर घरात कुणीतरी आहे असं तिला वाटे. भांडं निपटलं की घर पुन्हा गप्प होई.

अशी चाळिशी उलटली. अंग सुटलं. पाटल्या मनगटात रुतल्या, गुडघे कुरकुरू लागले, अंगणातून ओटीवर चढली तरी धाप लागू लागली.

मग एका चातुर्मासात आळीतल्या बायांनी वसा घेतला. मोजकं खायचं, तळलेलं सोडायचं, पहाटे नदीपर्यंत चालत जायचं. भिवरेनंही घेतला. दहा जणी पहाटे हसत खिदळत निघत, एकमेकींची थट्टा करत परत येत. चार महिन्यांत भिवरेचं अंग उतरलं. पाटल्या हातात फिरू लागल्या. मग कार्तिकात सगळ्यांनी थाटात उद्यापन केलं. पुरण शिजलं, वर तूप पडलं. वसा पुरा झाला म्हणून एकमेकींना कुंकू लावलं आणि जी ती आपल्या घरी गेली. दुसऱ्या पहाटे भिवरा दारात उभी राहिली. उजाडेपर्यंत उभी राहिली. कुणी आलं नाही. कशाला येतील? वसा संपला होता. भिवरा आत आली, तांदळात हात घातला, दहा जणांचे तांदूळ आले.

वर्ष गेलं, दोन वर्षं गेली. उतरलेलं सगळं परत आलं आणि येताना आणखी थोडं बरोबर घेऊन आलं. हसू नका बायांनो, इथंही तशा चार जणी बसल्यात, मी नाव घेत नाही.

मग भिवरेनं एकटीनं वसा घेतला. पहिल्यांदा उपास धरले. मंगळवार धरला, गुरुवार धरला, शनिवार धरला, आणि तिन्ही दिवस साबुदाणा, दाणे, रताळी आणि वर तूप. अंग काही हललं नाही. दुसऱ्यांदा वैद्याचा काढा घेतला. तोंड कडू व्हायचं, म्हणून वर गुळाचा खडा खायची. खड्याची ढेप झाली. तिसऱ्यांदा कोठीला कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली. तिसऱ्या दिवशी तिनंच कुलूप फोडलं. मग तिनं आरसा भिंतीकडं फिरवला आणि बायकांत जाणं सोडलं.

अशात श्रावण आला. मैनेचा निरोप आला, ‘आई, मला दिवस गेलेत, तिसरा महिना आहे. सातव्यात ओटी भरायला माहेरी येईन.’ आता त्या घराची रीत अशी होती, की लेकीची ओटी डोंगराईच्या कुंकवानं भरायची. ते कुंकू आईनं आपल्या पायांनी वर जाऊन आणायचं. पालखी चालत नाही, दुसरीचा हात चालत नाही. भिवरेच्या आईनं तिच्यासाठी आणलं होतं, आजीनं आईसाठी आणलं होतं. डोंगराला एकशे आठ पायऱ्या, एकेक गुडघाभर उंच.

भिवरा त्याच दिवशी गेली. पहिली चढली, दुसरी चढली, सातवीला छाती फुटायला आली. ती तिथंच बसली आणि पदर तोंडात धरून रडली. लेकीचं कुंकू राहणार, म्हणून रडली. आपल्याला बघायला इथं कुणी नाही, म्हणून आणखी रडली.

इतक्यात वरून एक म्हातारी उतरली. डोक्यावर काटक्यांची मोळी, पाय अनवाणी.

‘बाई बाई, का रडतेस?’

‘आजी आजी, काय सांगू? घेतला वसा माझ्याकडून टाकला गेला. एकदा नाही, चारदा. देवी कोपली आणि सगळं परत माझ्या अंगावर घातलं.’

म्हातारी हसली. म्हणाली, ‘देवीला तेवढाच उद्योग आहे होय? तुम्ही उद्यापन कशाचं केलंत ग? चुलीचं उद्यापन करतेस का? केर काढण्याचं करतेस का? या वशाला उद्यापनच नाही.’

‘मग आजी, हा वसा करावा तरी कसा?’

‘ऐक. उठावं, इथं यावं. पहिल्या दिवशी एक पायरी चढावी, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन. खाडा पडला तर पहिलीवर परत जाऊ नये, जिथं थांबलीस तिथूनच पुढची धरावी. आपल्यापुरतं शिजवावं, ताट वाढावं, पाटावर बसून जेवावं. आणि दिवस मावळायच्या आत, काय खाल्लं, किती चढले, ते एकीला सांगावं. सांगणारीनं खोटं सांगू नये. ऐकणारीनं उपदेश करू नये. नुसतं हूं म्हणावं.’

‘आणि हूं म्हणणारी नाही मिळाली तर?’

‘तर वसा फळत नाही,’ म्हातारी म्हणाली, आणि मोळी सावरून दिसेनाशी झाली.

मग भिवरा ऐकणारी शोधायला निघाली. पहिल्यांदा जावेच्या दारी गेली. म्हणाली, ‘जाऊबाई, मी वसा घेतलाय, माझं ऐकाल का?’ जाऊ म्हणाली, ‘पुन्हा? अग बाई, तुझे वसे म्हणजे आमची करमणूक!’ आणि सुनेला हाक मारून हसली. दुसऱ्यांदा शेजारणीकडं गेली, तीच, जी नदीपर्यंत सोबत चालायची. शेजारीण म्हणाली, ‘आता या वयात कुणाला दाखवायचंय भिवरे? सुखानं खा.’ आणि ताटलीभर चकल्या पुढं केल्या. तिसऱ्यांदा वैद्याच्या बायकोकडं गेली. तिनं भिवरेचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही. भात सोड, कारलं खा, उताणी निजू नकोस, असं दिवस कलेपर्यंत सांगत बसली. भिवरा घरी आली. तिनं जात्याला सांगितलं, जातं बोललं नाही. तुळशीला सांगितलं, तुळस बोलली नाही. इतकी वर्षं आपण या गावात राहिलो आणि हूं म्हणायला एक माणूस नाही, या विचारानं तिला जेवण गेलं नाही. कधी नव्हे ते.

दुसऱ्या सकाळी ती पायथ्याशी आली. तिथं गवरा कुंभारीण पणत्या मांडून बसायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. बाई इतकी वाळलेली, की हातातल्या बांगड्या गेल्या त्या गेल्याच, मनगटंही जातील असं वाटे. ती कुणाशी बोलत नसे. पणती उचलून द्यायची, मान हलवायची, एवढंच. भिवरा एक पायरी चढली, उतरली आणि तिच्यासमोर बसली. दुसरं कोण होतं?

‘आज एक पायरी चढले,’ भिवरा म्हणाली. ‘पण परवा उभ्यानं नऊ भाकऱ्या खाल्ल्या.’

गवरा हसली नाही. चकल्या पुढं केल्या नाहीत. कारल्याचं नाव काढलं नाही. तिनं भिवरेकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘हूं.’

बायांनो, भिवरेला तिथंच रडू फुटलं.

मग रोज तसं चाललं. दोन पायऱ्या, हूं. पाच पायऱ्या, हूं. शिऱ्याला बोट लावलं, हूं. पंधराव्या दिवशी भिवरेनं विचारलं, ‘तू काय जेवलीस ग?’ गवरेनं एक पणती पुसून खाली ठेवली. मग म्हणाली, ‘चूल पेटवली नाही. एकटीसाठी काय पेटवायची?’ आता हूं म्हणायची पाळी भिवरेची होती. तिला म्हणता येईना. एक दहा जणांचं रांधत होती, एक काहीच रांधत नव्हती, आणि दोघींचं दुखणं एकच होतं.

दुसऱ्या दिवशी गवरेनं एक मडकं आणलं. ओंजळीत मावेल एवढं. म्हणाली, ‘यात दोघींचा भात होतो. तुझ्या हाताला माप नसेल, याला आहे.’ त्या दिवसापासून भिवरेच्या घरी दोन पाट मांडले जाऊ लागले. मडक्यात मावेल तेवढंच शिजे. ते दोघींत संपे, आणि उभ्यानं खायला काही उरत नसे.

पायऱ्या वाढत गेल्या. पाटल्या सैल झाल्या. गवरा पायथ्याशी बसून पायऱ्या मोजे, वर कधी येत नसे. भिवरेनं बोलावलं तर म्हणे, ‘नवरा आजारी होता तेव्हा एकशे आठ वेळा चढले होते. आता देवीशी बोलत नाही मी.’ भिवरा म्हणे, ‘हूं.’

त्र्याहत्तर पायऱ्या झाल्या आणि दिवाळी आली. नवरा आला, बरोबर सोबतीचे उदमी आले. मोठी पातेली पुन्हा उतरली, करंज्या झाल्या, अनारसे झाले. घर भरलं. भिवरेला काय सुख झालं म्हणून सांगू! ती वाढत राहिली आणि खात राहिली. मग भाऊबीज झाली, बैलांवर माल चढला, घर ओस पडलं. डबे मात्र भरलेले होते. भिवरा डब्यांपाशी बसली. एक दिवस गेली नाही, दोन दिवस गेली नाही, बारा दिवस गेली नाही. दाराला कडी घातली. मनात म्हणाली, ‘पाचव्यांदा टाकला. आता कुठल्या तोंडानं जाऊ?’

तेराव्या दिवशी दाराबाहेर कुणीतरी बसलं. हाक मारली नाही, कडी वाजवली नाही. भिवरा आत श्वास धरून उभी. मग बाहेरून आवाज आला.

‘हूं.’

पुन्हा आवाज आला, ‘हूं.’ तशी तिचा बांध फुटला. दाराला कपाळ लावून म्हणाली, ‘करंज्या खाल्ल्या ग.’

‘हूं.’

‘मोजल्या नाहीत. माणसं गेल्यावरही खाल्ल्या. माणसं गेली म्हणूनच खाल्ल्या.’

‘हूं.’

‘पाटल्या पुन्हा रुतल्यात. तुला तोंड कसं दाखवू?’

मग गवरा म्हणाली, ‘बारा दिवस मीही चूल पेटवली नाही. उद्या चौऱ्याहत्तरावी आहे. मी मोजून ठेवलीय.’

भिवरेनं कडी काढली.

मग चौऱ्याहत्तर झाल्या, नव्वद झाल्या, शंभर झाल्या. मार्गशीर्ष आला. अंगावरचं सगळं उतरलं का? नाही, बायांनो. निम्मं उतरलं, निम्मं राहिलं. कहाणी आहे म्हणून मी खोटं सांगणार नाही. पण श्वास पुरू लागला. मैना माहेरी आली, ओटीचा दिवस ठरला. भिवरा हळदीकुंकवाची कुयरी घेऊन डोंगर चढली. तीस चढली, साठ चढली, नव्वद चढली, एकशे आठावी चढली.

वर कुणी नव्हतं. देऊळ उघडं, वारा आत येत जात होता. भिवरा देवीसमोर बसली आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. दहा पानं सांगितली, मडकं सांगितलं, कडी घातलेलं दार सांगितलं. सांगून थांबली आणि कान दिला. देवी बोलली नाही. दगडाची देवी, ती काय बोलणार? भिवरेच्या मनात आलं, एवढं चढून आले, आणि इथंही आपण एकट्याच.

तेवढ्यात पाठीमागून, शेवटच्या पायरीवरून, धापा टाकत कुणीतरी म्हणालं, ‘हूं.’

गवरा होती. सहा वर्षांत पहिल्यांदा वर आली होती. उंबऱ्यापाशी थांबली, देवीकडं पाहीना. भिवरेनं हात धरून तिला आत घेतली. दोघी शेजारी बसल्या. मग गवरेनं मान वर केली आणि देवीला म्हणाली, ‘मलाही सांगायचंय.’ ती दिवस माथ्यावर येईपर्यंत सांगत होती. भिवरा हूं म्हणत होती.

देवीचं कुंकू घेऊन दोघी खाली आल्या, मैनेची ओटी भरली. आळीतल्या बाया जमल्या होत्या. जाऊ म्हणाली, ‘चला, पुरा झाला एकदाचा वसा. आता उद्यापन कधी?’ भिवरा म्हणाली, ‘उद्या पुन्हा पहिली पायरी आहे. येता का?’ जाऊ हसली नाही.

तर बायांनो, सगळ्या कहाण्या सांगतात, घेतला वसा टाकू नये. ही कहाणी सांगते, हातून टाकला गेला तर जिथं पडला तिथून उचलावा, आणि एकीनं दाराला कडी घातली तर दुसरीनं बाहेर जाऊन बसावं. भिवरेला जसा हुंकार मिळाला, तसा तुम्हांआम्हांला मिळो. ही साठा उत्तरांची कहाणी एका हुंकारी सुफळ. संपूर्ण मात्र म्हणायची नाही, कारण या वशाला उद्यापन नाही. टाका अक्षता, आणि म्हणा सगळ्याजणी, हूं.