आधीपासूनची वाट

मोरदऱ्याच्या एटीव्ही क्लबने नऊ वर्षं राबून डोंगरात आपल्या जाड चाकांच्या गाड्यांसाठी वाट बांधली होती. भिवसेन गवारी आणि त्याचा दोस्त काशिनाथ दर उन्हाळ्यात दगड रचायचे, पाण्याचे चर मोकळे करायचे. काशिनाथ वारला, आणि त्याच वर्षी रिसॉर्टवाल्या दौलतरावांनी तो डोंगर विकत घेऊन वाटेला स्वतःचं नाव दिलं.

"साहेब, नाव काशिनाथचं द्या. वाट त्याने बांधलीय," भिवसेन म्हणाला.

"बांधलीय कसली? वाट आधीपासूनच होती. तुम्ही नुसत्या गाड्या फिरवल्यात."

"बरं. मग यंदा आम्ही तिला हात लावत नाही."

पावसाळ्यात चर बुजले आणि पाणी वाटेवरून धावलं. दिवाळीत दौलतरावांचे पाहुणे गाड्यांसकट चिखलात रुतले. दौलतरावांनी भिवसेनला बोलावून विचारलं, "वाट गेली कुठे?"

भिवसेनने दगडगोट्यांनी भरलेल्या घळीकडे बोट दाखवलं. "ही काय साहेब, तुमची आधीपासूनची. आमची तेवढी वाहून गेली."

दौलतराव वरमले. वाटेला काशिनाथचं नाव मिळालं. उन्हाळ्यात क्लबने ती पुन्हा बांधली, तेव्हा सगळे त्या उत्तरावर पोट धरून हसत होते. भिवसेन मान खाली घालून दगड रचत होता. काशिनाथच्या हातचा एकही दगड उरला नव्हता, आणि ते सगळे दगड आपणच वाहू दिले होते.