केरूच्या नावाची शेवटची ओळ

या टेकडीवर कितीही गोड गा, शेवटच्या ओळीत 'केरू म्हणे' आल्याशिवाय इथली माणसं टाळ खाली ठेवत नाहीत. शहरातले पाहुणे हटकून विचारतात, संतानं स्वतःचं नाव असं परक्यासारखं का घ्यावं? गर्व होता की काय? गर्व कसला, बाबांनो. बसा, सांगतो.

केरू हा खालच्या आळीतल्या साळाईचा एकुलता एक. ऐन तरुणपणी त्यानं संन्यास घेतला. घराचा उंबरा पुन्हा चढायचा नाही, निरोपही धाडायचा नाही, असं व्रत होतं म्हणे. पण आईची ओढ व्रतानं थोडीच सुटते? त्यानं पदं रचली आणि इकडे येणाऱ्या भजनकऱ्यांना शिकवली.

पहिल्या पदात होतं, 'मी सुखात आहे.' भजनकऱ्यानं ते साळाईच्या अंगणात गायलं. ती म्हणाली, "तू सुखात हाईस, बरं झालं. माझा केरू कुठं दिसला का रं?" निरोप सांगायची केरूनं बंदी घातलेली. त्यानं परत जाऊन केरूला हे सांगितलं, तेव्हा केरू फार रडला. पुढच्या पदात त्यानं 'मी' काढला आणि आपलं नाव घातलं. पद देवाचं, त्याला निरोप कोण म्हणणार? 'केरू म्हणे' ऐकलं आणि साळाई त्या दिवशी पोटभर जेवली, असं सांगतात.

पुढे केरू परमुलखात तापानं गेला. गावाला कळलं, पण म्हातारीला सांगायला कुणाची जीभ रेटेना. मग गावानंच पदं रचली आणि केरूच्या नावावर खपवली. केरूच्या पदांच्या पोथीतली निम्मी मोडकीतोडकी पदं आमच्याच वाडवडलांची आहेत.

साळाई अंथरुणाला खिळली, तेव्हा शेजारची ठकू असंच नवं पद गायला बसली. म्हातारीनं तिचा हात धरला. "पुरं गं. त्यो गेल्याचं मला कवाच कळलं. तुमच्या पदात 'आई' येतं, त्यो मला बय म्हनायचा. पर तुमी त्याचं नाव घेत हुता, म्हनून गप ऐकलं. आता एक माझं ऱ्हाऊ द्या."

तिनं सांगितलेली ओळ पोथीत शेवटी आहे. 'केरू म्हणे, बये, दार उघड, मी आलो.'

आजही टेकडीवरच्या केरूच्या उत्सवाची सांगता याच ओळीनं होते. ज्या बायांची पोरं लांब गेलीत, त्या ती गाताना केरूच्या जागी हळूच आपल्या पोराचं नाव घालतात. त्यांना कुणी अडवत नाही.