बापाने ओतलेले पांढरे गोटे

पूर्वी भोगवती नगरात राजा जयसेन राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व घोड्याच्या जन्माला आला होता. अंगाने पिंगट, म्हणून सगळे त्याला पिंगळ म्हणत. मिठाचा व्यापारी सोमिल हा त्याचा धनी. सोमिल मनाचा मोठा, पण स्वभावाने असा की विचारू नका. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा हा उतावळा बाप. त्याला पूर्णिका नावाची एकुलती एक लेक होती, आणि ती घाटापलीकडच्या गावात दिली होती.

त्या राज्यात एक चाल होती. पावसाळा सरला की ज्याने त्याने घाटरस्त्याचा एकेक तुकडा वाटून घ्यायचा आणि त्यावर खडी टाकायची. वाटसरूंच्या पायाखाली वाट दिली की पुण्य लागते, अशी लोकांची श्रद्धा. सोमिलने मुद्दाम घाटातले अवघड वळण मागून घेतले. दुसऱ्यांनी फोडलेला दगड आणि मुरूम टाकला. याने मात्र नदीतले गोल, गुळगुळीत, पांढरेशुभ्र गोटे निवडून आणले. का, तर लेक माहेरी येताना तिच्या पायाला टोचायला नको! गाडी ओढायला अर्थातच पिंगळ होता.

तेव्हाच तो म्हणाला होता, "धनी, गोल दगड एकमेकांना धरत नाहीत. पायाखालून पळतात."

"गप रे," सोमिल हसून म्हणाला. "माझी पोर येईल तेव्हा बघ, कशी खूश होते ते."

आणि त्याने गोट्यांचा घोटाभर थर घातला. चोपणे नाही, दाबणे नाही. लोकांनी वाहवा केली, तोही फुलून गेला.

मग एके दिवशी सकाळी जावयाकडचा गडी धापा टाकीत दारात आला. पूर्णिका अडली होती. कालपासून कळा येत होत्या, मूल आडवे होते आणि तिकडच्या सुईणीने हात टेकले होते. "मल्ली मावशीला घेऊन या," एवढेच तो बोलला आणि ओट्यावर बसला.

मल्ली मावशी म्हणजे भोगवतीतली जुनी सुईण. पूर्णिकाही तिच्याच हातावर जन्मलेली. सोमिलने म्हातारीला पिंगळाच्या पाठीवर आपल्यामागे बसवले आणि टाच मारली. सपाटीवर पिंगळ असा धावला की मावशीने डोळेच मिटून घेतले. पण घाट चढून उतार लागला, पायाखाली ताजी खडी आली, आणि तो एकदम चालीवर आला.

"पळ!" सोमिल ओरडला. "अरे पळ ना!"

पिंगळ पळेना. सोमिलने कधी नव्हे तो चाबूक उचलला आणि मारला. पिंगळ जागच्या जागी उभा राहिला.

"धनी, मारा हवं तर," तो शांतपणे म्हणाला. "पूर्णिका माझ्याच पाठीवर बसायला शिकली. मला तिची काळजी नाही का? पण सुट्या खडीवर धाव घेतली की पाय आपले राहत नाहीत. लगाम सैल सोडा, वळणावर हिसका देऊ नका. गाड्यांच्या चाकोरीत दगड दबलेले आहेत, तिथून मी जातो."

सोमिलच्या डोळ्यांत पाणी आले. "तिला काही झालं म्हणजे रे?"

"वाटेत आपल्याला काही झालं, तर तिच्याकडे जाणार कोण?"

एवढ्यात मागून एक तरुण स्वार भरधाव आला. त्याच्या घोड्याच्या टापांनी उडालेला खडा सोमिलच्या कपाळावर बसला. "म्हाताऱ्या घोड्याला पेंढा घाला!" असे ओरडून तो वळणाआड गेलासुद्धा. पाठोपाठ दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि घोडा किंचाळला.

ते वळणावर पोचले, तर स्वार करवंदीच्या जाळीत पडलेला, आणि घोडा लंगडत कड्याच्या काठाशी उभा. "कोण शहाणा आहे तो?" स्वार कळवळून म्हणत होता. "कोणी ओतले हे गोटे इथे?"

सोमिल खाली उतरला. पांढरेशुभ्र गोटे उन्हात चमकत होते. ते त्यानेच निवडले होते, पोरीच्या पायांसाठी. तो तिथेच रडत खाली बसला. मावशीने स्वाराचा हात पाहिला, मोडला नव्हता, तिने पदर फाडून तो बांधला आणि ती म्हणाली, "सोम्या, रडत काय बसलास? वाट कर."

मग त्या मोठ्या व्यापाऱ्याने डोक्याचे पागोटे काढून हाताला गुंडाळले, तो गुडघ्यांवर बसला आणि आपणच ओतलेले गोटे दोन्ही हातांनी बाजूला सारू लागला. खालची जुनी, घट्ट जमीन दिसू लागली. तो सारीत पुढे सरके, आणि मावशीला पाठीवर घेऊन पिंगळ त्याच्यामागे एकेक पाऊल टाकी. सबंध वळण बाप असा रांगत उतरला.

दिवस मावळायच्या आत ते पोचले. मावशी आत गेली. सोमिल पिंगळाच्या मानेला धरून अंगणात उभा राहिला, आणि शेवटी आतून ट्यँहा ऐकू आला. मुलगी झाली होती. पूर्णिका वाचली होती.

"मूल फिरवावं लागलं," बाहेर येऊन मावशी म्हणाली. "धडपडत, आपटत आले असते, तर हे हात थरथरले असते. मग दोघींतली एकही हाती लागली नसती."

सोमिलने पिंगळाच्या पाठीवरचा चाबकाचा वळ पाहिला आणि त्यावर गाल टेकून तो पोटभर रडला. पुढे त्याने सगळे गोटे काढून तिथे मुरूम घातला, आणि तो दाबायचा दगडी रूळ पिंगळाने ओढला. नात आजोळी आली ती त्याच वाटेने, पिंगळाच्या पाठीवर, आईच्या मांडीत.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका तरुण भिक्षूला सांगितली. विहाराच्या उतारावर तो गुडघे फोडून बसला होता. आजारी गुरूंसाठी औषध घेऊन धावताना खडीवर घसरला होता, आणि औषध सगळे सांडले होते.

"बाळ, तू तेव्हाही असाच धावला होतास," शास्ते म्हणाले. "सोमिल तूच होतास. पूर्णिका म्हणजे आज आजारी असलेले तुझे गुरू. मल्ली मावशी म्हणजे हे औषध देणारे आपले वृद्ध वैद्य. आणि पिंगळ घोडा मी होतो. माया तुझ्याकडे तेव्हाही भरपूर होती. तिला धीराची जोड हवी. धीर हीच या कथेतली पारमिता, बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायचा गुण."

भिक्षू मान खाली घालून रडत होता. शास्त्यांनी त्याला हाताला धरून उठवले.

"वैद्यांकडे अजून औषध आहे," ते म्हणाले. "चल, मी येतो बरोबर. सावकाश जाऊ."