गोळोबा शेणकिडा आणि झिपरी कालवड

या गोष्टीत शेण आहे. भरपूर आहे. ज्याला ईऽऽ म्हणायचं असेल त्यानं आत्ताच म्हणून घ्या. म्हटलं? आता नाक सोडा आणि ऐका.

एक होता शेणकिडा. त्याचं नाव गोळोबा. अंगानं वाटाण्याएवढा, पण ऐट पाटलाची. एकदा गोळोबानं शेणाचा गोळा केला. गोल गोल, गरगरीत गोळा. लांबच्या रस्त्यावरून तो ढकलत आणला. कसा? डोकं खाली, पाय वर, उलटा उलटा. गुडूक गुडूक, गुडूक गुडूक.

गोळा कशाला? अहो, घर करायला. गोळोबाच्या घरी बाळ येणार होतं. शेणकिड्याचं बाळ गोळ्यात राहतं. गोळ्यातच झोपतं. भूक लागली की गोळाच खातं. भिंत खा, छप्पर खा, कोणी रागवत नाही.

गोळोबाचं बीळ होतं गजराकाकूच्या गोठ्याजवळ. काकूचा गोठा कित्येक दिवस रिकामा होता. आज मात्र दारात टेम्पो थांबला. टेम्पोतून उतरली नवी कालवड. वासरापेक्षा मोठी, गाईपेक्षा धाकटी. कपाळावर केसांच्या झिपऱ्या, म्हणून नाव झिपरी. झिपरीनं एक पाय टाकला. दुसरा पाय टाकला. तिसरा पाय टाकला तो थेट गोळ्यावर. पच्च!

गोळ्याचा झाला पापड. त्यात खडे गेले, माती गेली. गोळोबाला रडूच आलं. मग त्याला राग आला.

खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा गेला झिपरीकडे.

"झिपरे, झिपरे, माझा गोळा मोडलास. मला शेण दे."

झिपरी म्हणाली, "मी कडबा खात नाही. शेण कुठलं देऊ? काकू मला ओवाळेल, तर मी खाईन."

खरंच होतं तिचं. नवं जनावर दारात आलं की पायांवर पाणी घालतात. कुंकू लावतात. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात. त्याशिवाय नव्या घरात तोंड उघडायचं नाही, असं झिपरीच्या आईनं तिला बजावून पाठवलं होतं. आणि इथे? जो तो येऊन तिचे दात मोजत होता, शेपूट उचलून बघत होता.

खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा गेला काकूकडे.

"काकू, काकू, कालवडीला ओवाळ.
कालवड कडबा खात नाही,
कडब्यावाचून शेण नाही,
शेणावाचून गोळा नाही,
गोळ्यावाचून बाळाला घर नाही."

काकू म्हणाली, "ओवाळू कशानं? भाकरी कुठे आहे? तवा भाकरी भाजेल, तर मी ओवाळीन."

खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा गेला तव्याकडे. तवा थंडगार. पालथा पडून घोरत होता.

"तव्या, तव्या, भाकरी भाज.
काकू कालवडीला ओवाळत नाही,
कालवड कडबा खात नाही,
कडब्यावाचून शेण नाही,
शेणावाचून गोळा नाही,
गोळ्यावाचून बाळाला घर नाही."

तवा म्हणाला, "चूल मला तापवेल, तर मी भाकरी भाजेन." आणि पुन्हा घोरायला लागला.

खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा गेला चुलीकडे. चुलीच्या तोंडात नुसती राख.

"चूलबाई, चूलबाई, तव्याला तापव.
तवा भाकरी भाजत नाही,
काकू कालवडीला ओवाळत नाही,
कालवड कडबा खात नाही,
कडब्यावाचून शेण नाही,
शेणावाचून गोळा नाही,
गोळ्यावाचून बाळाला घर नाही."

चूल म्हणाली, "टोपली गोवरी देईल, तर मी तव्याला तापवीन."

खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा गेला गोवऱ्यांच्या टोपलीकडे. टोपली रिकामी. तळाला एक कोळी झोपला होता.

"टोपलीबाई, टोपलीबाई, गोवरी दे.
चूल तव्याला तापवत नाही,
तवा भाकरी भाजत नाही,
काकू कालवडीला ओवाळत नाही,
कालवड कडबा खात नाही,
कडब्यावाचून शेण नाही,
शेणावाचून गोळा नाही,
गोळ्यावाचून बाळाला घर नाही."

टोपली म्हणाली, "गोवरी थापतात शेणाची. कोणी शेण देईल, तर मी गोवरी देईन. नवी कालवड आली आहे ना? तिला विचार की."

गोळोबा मटकन खालीच बसला. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ती हीच. त्यानं टोपलीला दोन शब्द सुनावले. कोणते ते मी सांगणार नाही. तुम्ही लगेच शिकाल.

पण करतो काय? बाळ तर येणार होतं. खुडबुड खुडबुड, खुडबुड खुडबुड. गोळोबा पुन्हा गेला झिपरीकडे.

"झिपरे, झिपरे, शेण दे.
टोपली गोवरी देत नाही,
चूल तव्याला तापवत नाही,
तवा भाकरी भाजत नाही,
काकू कालवडीला ओवाळत नाही,
कालवड कडबा खात नाही,
कडब्यावाचून शेण नाही,
शेणावाचून गोळा नाही,
गोळ्यावाचून बाळाला घर नाही."

झिपरीची मान खाली. कान खाली. मग ती हळूच म्हणाली, "थोडंसं आहे. कालचं. धरून ठेवलंय."

"मग दे की."

"कशी देऊ? सगळे बघतात."

हात्तिच्या! एवढंच होतं तर. नवं घर, नवी माणसं, आणि सगळ्यांचे डोळे हिच्या शेपटीवर. अशानं कोणाला होईल, सांगा? पाहुण्यांकडे गेल्यावर तुम्हाला तरी होते का?

गोळोबाचा राग कुठल्या कुठे पळाला. तो काकूच्या पायावर चढला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. काकूनं टाळ्या वाजवल्या. म्हणाली, सगळ्यांनी तोंडं फिरवा. काकांनी तोंड फिरवलं. शेजाऱ्यांनी तोंड फिरवलं. कोंबडा तेवढा वळून वळून बघत होता. काकूनं टोपली उचलली आणि त्याच्यावर पालथी घातली.

झिपरीची शेपूट वर झाली.

थप्प!

शेण एवढंसंच. पण ताजं ताजं, ऊन ऊन. गोळोबा धावला. त्यानं पुढचे दोन पाय शेणात खुपसले. तेवढ्यात पालथी टोपली म्हणाली, "आणि मला?"

शेण एकालाच पुरेल एवढं होतं. गोळोबानं बिळाकडे बघितलं. बायको दारात वाट बघत होती. मग त्यानं झिपरीकडे बघितलं. तिचं पोट खपाटीला गेलं होतं. सकाळपासून बिचारीनं काडी खाल्ली नव्हती. गोळोबाला फार वाईट वाटलं. त्यानं आपले पाय शेणातून काढून घेतले.

"घे," तो म्हणाला, "पण जरा लवकर आटप."

काकूनं शेण थापलं. थाप थाप, थाप थाप. पातळ पातळ गोवरी झाली. दुपारभर उन्हात वाळली. गोळोबा तिच्याशेजारी राखण करत बसला, कारण कोंबडा आता सुटला होता.

मग टोपलीनं गोवरी दिली.
चुलीनं तव्याला तापवलं. धग धग, धग धग.
तव्यानं भाकरी भाजली. टम्म!
काकूनं झिपरीच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो कोंबड्यानं पळवला.
कालवडीनं कडबा खाल्ला. कुडुम कुडुम, कुडुम कुडुम.

रात्रभर तिनं रवंथ केलं. सकाळी गोळोबा येऊन बघतो तर काय? थप्प! थप्प! थप्प! शेणच शेण.

कडब्याचं झालं शेण,
शेणाचा झाला गोळा,
गोळ्याचं झालं बाळाला घर.

गोळोबानं डोकं खाली केलं, पाय वर केले. गुडूक गुडूक, गुडूक गुडूक. गोळा गेला थेट बिळात. बाळ आलं, आणि आल्या आल्या त्यानं भिंतीचा घास घेतला. गोळोबा नुसता बघत बसला. 

आणि झिपरी? परवा तिला बघायला सरपंच आले. पांढरं धोतर, नव्या वहाणा. सगळी वस्ती गोळा झाली. सगळे तिच्याकडेच बघत होते. झिपरीनं कडबा चघळता चघळता शेपूट वर केली.

थप्प! नव्या वहाणेवर.

काकू पदरात तोंड लपवून हसली. म्हणाली, "रुळली गं बाई पोर."

गोळा गेला गुडूक गुडूक, गोष्ट गेली त्याच्यामागे. आता तुमच्यापैकी कोणी धरून ठेवलं असेल तर उठा. आम्ही तोंड फिरवतो.