राणीने बसवलेलं मेहूण

एका राज्यात घरोघरी सोन्याचा पिंजरा होता आणि पिंजऱ्यात हिरवा रावा. पहाटे रावे घोकत, "गुरूने नेमलं ते प्रेम पुण्य, उरलेलं पाप." लेकरं दूध पिण्याआधी तेच म्हणत. राव्यांचे डोळे माणसांचे होते. त्याबद्दल विचारायचं नाही, असा धर्म होता.

धर्म राजगुरू भस्मानंदाचा. पुरुषाने पुरुषावर, स्त्रीने स्त्रीवर जीव लावला, की तो मठात बोलावून मंत्र फुंकी. कातडीतून पिसं फुटत, जीभ आखडे, माणसाचा रावा होई. तोच रावा प्रसाद म्हणून त्याच्याच घरी जाई, आणि आईबाप मठाला नारळ देत.

राणी हेमलेखा नेमाधर्माची; देवीचा नैवेद्य स्वतः रांधी. दीपगौरीच्या व्रताचं उद्यापन तोंडावर आलं आणि तिच्या दारी पिंजरा आला. आत तिचा पुत्र अरिंजय. नावाडी सोमदत्तावर त्याचा जीव होता, आणि मठात विचारलं तेव्हा त्याने ते लपवलं नव्हतं. सोमदत्त पैलतीरी होता म्हणून वाचला. महापुरात दोघांनी मिळून अर्धं नगर नावेत घातलं होतं. राणीला त्या जोडीचा कोण अभिमान.

तिने नारळ दिला नाही. सोमदत्ताला बोलावलं, पिंजरा उचलला आणि मठ गाठला.

"माझं लेकरू परत द्या."

भस्मानंद हसला. "तीन कामं कर. चुकलीस तर तूही पिंजऱ्यात."

पहिलं काम, होमातला निखारा पदरात न्यायचा. तापलं पातेलं उतरवावं तसा राणीने पदर दुमडला आणि निखारा अंगणात नेऊन ठेवला. पदराला डागही नाही.

दुसरं, राव्याकडून न शिकवलेलं वदवायचं. राणीने आमटी रांधून चोचीशी धरली. रावा पाप-पुण्य घोकत राहिला. मग चोच बुडवली, मान वाकडी केली.

"आई, मीठ कमी आहे."

"कमीच घातलंय, राजा. तू बोलावंस म्हणून."

भस्मानंदाचा चेहरा उतरला. तिसरं काम त्याने जपून सांगितलं. उद्यापनाला असं मेहूण जेवायला बसवायचं, जे भीतीपोटी एकमेकांशी कधी खोटं बोललं नाही.

राणीने दवंडी पिटवली. शालू-शेले लेवून मठाने नेमलेली पुण्यवान जोडपी आली. देवीपुढचे पाट खोटं ओळखत; पाय लागताच मागे सरकत. एक शेठाणी नवऱ्याला म्हणाली, तुम्ही बसा, मी आलेच. ती आलीच नाही.

मग राणीने एका पाटावर सोमदत्ताला बसवलं, दुसऱ्यावर राव्याला. पाट जागचे हलले नाहीत.

"हे मेहूण नव्हे. देवी कोपेल," भस्मानंद गरजला.

राणीने दोघांच्या कपाळी गंध लावलं. "देवीला मी रोज भेटते, महाराज. कोपली तर मला सांगेल. हे माझे लक्ष्मीनारायण."

सोमदत्ताने पहिला घास पुढे केला. तो घेतला चोचीने, गिळला माणसाच्या ओठांनी. पिसं गळाली. पाटावर अरिंजय बसला होता. घरोघरी पिंजरे फुटले. हरवलेले लेक-लेकी बाहेर आले आणि त्यांनी आधी पांघरायला मागितलं. त्यांच्या तोंडची घोकंपट्टी माघारी फिरून भस्मानंदाच्या घशात शिरली. त्याचा रावा झाला.

राणीने त्याला पिंजरा केला नाही. देवडीवर दांडी बांधली. रोज पेरूची फोड ठेवी आणि शिकवी, "म्हणा महाराज, जेवलात का?" पुष्कळ दिवस तो पाप-पुण्यच घोकत राहिला. एका सकाळी नुसतं "जे" म्हणाला. राणीने त्याला आणखी एक फोड दिली.

तिची पंगत भरली तशी तुमची-आमची भरो, कुणाच्या लेकराचा पाट रिकामा न राहो.