शिस्तीचा साठा

ते उत्तर मी दिलं की आमच्या सिस्टर कमल तांडेल यांनी, याबद्दल माझी खात्री नाही. बाकीचं लख्ख आठवतं, निदान मला तसं वाटतं.

तेव्हा मी सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होतो. लक्ष एका जागी न ठरण्याच्या आजारावरच्या गोळ्या जिल्ह्यात कुठेच मिळेनात. शलाका वाडेकरची वायरमनची परीक्षा आठ दिवसांवर आली होती आणि तिच्या गोळ्या संपल्या होत्या. आमच्या औषधभांडाराचे प्रमुख निंबकर मागणीपत्रावर सही करीनात.

"चंचलपणाला औषध कशाला? शिस्त लागते," ते म्हणाले. "आणा तुमचे पेशंट. मी स्वतः बघतो."

शलाकासह नऊ जणांना मी आणि सिस्टरांनी त्यांच्या खोलीत नेलं. येणाऱ्याला तासभर समोर ताटकळत ठेवायचं, ही निंबकरांची सवय. त्या दिवशीही त्यांनी ती मोडली नाही. पंधरा मिनिटांत एकाने त्यांच्या फायली रंगांप्रमाणे लावून टाकल्या, दुसऱ्याने टेबलावरची घंटी उघडली, आणि पंखा का कुरकुरतो ते बघायला शलाका थेट टेबलावर चढली.

"अहो, यांना काहीतरी द्या," निंबकर काकुळतीला आले.

"तेच तर मागतोय, साहेब. नाहीतर शिस्त द्या. तिचा साठा तरी आहे ना तुमच्याकडे?"

निंबकरांनी सही केली. गोळ्या चौथ्या दिवशी आल्या.

बारा वर्षांनी शलाका भेटली. आता ती वायरमनच्याच वर्गाला शिकवते. साहेबांना ते उत्तर कुणी दिलं, हे मी भीत भीत तिला विचारलं.

"सिस्टरच बोलल्या, डॉक्टर," ती म्हणाली. "तुम्ही दाराबाहेर उभे होतात. टेबलावरून मला दारावरच्या काचेतून दिसत होतात."